मालक चांगला आहे, मग अडचण काय? : मुक्त संगणकप्रणालींविषयी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा नेहमीच्या श्रोत्यांपैकी दोघांनी मला गाठून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. आता ऑपरेटिंग सिस्टीमवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी प्रोग्रामर नाही. निवृत्तीनंतर माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स आलं आणि ते तिथेच राहिलं, एवढाच माझा अनुभव. पण ज्या प्रश्नापाशी मला यायचं आहे तो आमच्या वर्गातला फार जुना प्रश्न आहे. एखाद्यावर अवलंबून असणं आणि एखाद्याच्या ताब्यात असणं, यांत फरक काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. जुन्या वाड्यांतून दिवाणजी असायचे. मालक माडीवर, कुळं आणि व्यापारी दारात, आणि मधला सगळा व्यवहार दिवाणजींच्या हातून. कोणाला आत सोडायचं, कोठीची किल्ली कोणाला द्यायची, कोणता निरोप बाहेर जाऊ द्यायचा, सगळं तेच ठरवणार. संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम हे दिवाणजींचं काम करते. तुम्ही पत्र टाइप करता तेव्हा तुमचा प्रोग्राम यंत्राशी थेट बोलत नाही, दिवाणजींमार्फत बोलतो. मेमरी कोणाला किती, कुठली फाइल कोणी उघडायची, इंटरनेटवरून काय बाहेर जायचं, हे तिथे ठरतं. आता गंमत अशी की यंत्र आपण पैसे मोजून आणलं, वाडा आपला, पण दिवाणजी आपण नेमलेले नाहीत. ते दुकानातून येतानाच आत बसून आले, आणि त्यांची निष्ठा ज्यांनी नेमलं त्यांच्याशी.

ही निष्ठा एरवी जाणवत नाही. ती जाणवण्याचा एक दिवस येऊन गेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. पुढची विंडोज ११ बसवायची तर टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर हवा. म्हणजे शाळेतला, वाचनालयातला, तुमच्या टेबलावरचा अगदी व्यवस्थित चालणारा संगणक एका तारखेला 'जुना' ठरला. त्यात बिघडलेलं काहीच नव्हतं. घरगुती वापरकर्त्यांना एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे, पण तिच्या अटी वाचा. पैसे भरा, किंवा फुकट हवी असेल तर कंपनीच्या खात्याने लॉग-इन करून तुमच्या संगणकाच्या सेटिंग्ज तिच्याकडे साठवा.

मी कंपनीवर रागावलेलो नाही, हे इथेच सांगून टाकतो. विंडोज १० आलं २०१५ साली. दहा वर्षं त्यांनी दुरुस्त्या पुरवल्या, हा काही लहान काळ नाही. माझा मुद्दा कंपनी दुष्ट असण्याचा नाहीच. समजा, कंपनी अत्यंत सज्जन आहे. मग?

इथे फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाची मदत होते. मूळचा आयर्लंडचा माणूस. १९९७ साली 'रिपब्लिकॅनिझम' नावाचं त्याचं पुस्तक आलं. त्यातला विचार मी माझ्या भाषेत मांडतो. एक गुलाम आहे आणि त्याचा मालक मोठा दयाळू आहे. मारत नाही, पोटभर जेवू घालतो, सणाला नवे कपडे देतो, कुठे जातोस म्हणून विचारत नाही. या गुलामाच्या आयुष्यात ढवळाढवळ जवळजवळ शून्य. मग तो स्वतंत्र आहे का? स्वातंत्र्य म्हणजे 'कोणी आडवं न येणं' अशी व्याख्या केली, तर तो स्वतंत्र आहे असं म्हणावं लागेल. पण आपलं मन ते मानत नाही. कारण उद्या मालकाचा मूड बदलला, मालक कर्जात बुडाला, मालकाने त्याला दुसऱ्याला विकलं, तर गुलामाला त्यात काही म्हणायला जागा नाही. आणि हे त्याला माहीत असल्यामुळे तो आजही जपून बोलतो, हसून वागतो. पेटिटच्या मते पारतंत्र्य हे मालकाच्या कृतीत नसतं, त्याच्या हातातल्या अधिकारात असतं. तो अधिकार त्याने कधीच वापरला नाही तरी ते पारतंत्र्यच.

आपल्याकडे हा अर्थ शब्दातच आहे. स्व-तंत्र आणि पर-तंत्र. ज्याचं तंत्र स्वतःच्या हातात तो स्वतंत्र. पाणिनीने कर्ता कोणाला म्हणायचं हे सांगताना 'स्वतंत्र' हाच शब्द वापरला आहे. क्रियेचा धनी तो, जो तिच्या बाबतीत स्वतःच्या तंत्राने चालतो. आणि मौज बघा, आज तंत्र म्हटलं की आपल्याला टेक्नॉलॉजी आठवते.

आता तुम्ही म्हणाल, गुलामगिरीची उपमा जरा जास्तच होतेय, सर. कबूल, संगणक वापरणारा माणूस गुलाम नाही. पण 'अधिकार कोणाच्या हातात' हा प्रश्न तिथेही तसाच्या तसा लागू होतो. दोन प्रसंग सांगतो.

पहिला जुलै २००९ मधला. अॅमेझॉनच्या किंडलवर लोकांनी रीतसर पैसे देऊन जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं घेतली होती. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, असं नंतर लक्षात आलं. कंपनीने काय केलं, तर ती पुस्तकं वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून टाकली आणि पैसे परत केले. पुस्तकांमध्ये '१९८४' होतं. कोणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की फार ओढूनताणून आणलंय! कंपनीने पुढे माफी मागितली, भरपाईही देऊ केली. मालक चांगलाच होता. पण तुमच्या कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन नेऊ शकतो, हे त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रसंग आपल्या अंगणातला, जुलै २०२५ चा. नायरा एनर्जी ही तेल कंपनी. मुख्यालय मुंबईत, शुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची जवळपास निम्मी मालकी आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले. आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ई-मेल, बैठका, कंपनीचा स्वतःचा डेटा, सगळं अडकलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाली. रशियाचं तेल घ्यावं की नाही यावर तुमचं मत काहीही असो. बघायचं एवढंच की भारतात नोंदलेली कंपनी, भारतीय कायदा मोडल्याचा आरोप नाही, सेवेचे पैसे चुकते केलेले, आणि कळ ब्रसेल्समधून फिरते. इथे तर 'मालकाची' इच्छाही दुय्यम होती. मालकाच्याही वर कोणी होतं.

आता मोठ्या कंपन्या सोडा, मराठीकडे येऊ. कारण आपण मराठी लिहिणाऱ्यांनी हा धडा फार आधी गिरवला आहे आणि विसरलोही आहोत. माझे एक सहकारी होते, मराठीचे प्राध्यापक. वीस वर्षं खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनी बोलीतले शब्द जमवले. १९९० च्या दशकात त्यांनी सगळ्या नोंदी संगणकावर घेतल्या, तेव्हाच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये. तुमच्यापैकी ज्यांनी डीटीपीचा व्यवसाय केलाय त्यांना आठवत असेल, या सॉफ्टवेअरसोबत एक लहानसं कुलूप मिळायचं. डोंगल म्हणायचे त्याला. ते प्रिंटरच्या पोर्टला लावलं तरच प्रोग्राम उघडायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचा फॉन्ट तिच्या स्वतःच्या मांडणीचा. म्हणजे पडद्यावर 'क' दिसला तरी फाइलमध्ये 'क' नसायचाच, इंग्रजी कळफलकावरचं कुठलं तरी चिन्ह असायचं आणि फॉन्ट त्याला 'क' चा मुखवटा घालायचा. मुखवटा काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

पुढे ती कंपनी उरली नाही. नव्या संगणकांना ते पोर्टही उरलं नाही. सर गेले. त्यांच्या मुलीकडे फाइली होत्या, सीडीवर जपून ठेवलेल्या, एकही खराब झालेली नाही. आणि उघडता येत नव्हत्या. शेवटी सरांनी कधीतरी काढून ठेवलेल्या छापील प्रतीवरून तिने सगळं पुन्हा टाइप करून घेतलं. त्या प्रतीत शेवटच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी नव्हत्या. त्या गेल्या. कोणी चोरल्या नाहीत, जाळल्या नाहीत, कोणी वाईट वागलं नाही. अक्षर कसं साठवायचं हे एका कंपनीचं गुपित होतं, आणि कंपनीबरोबर गुपितही गेलं.

याच्यावरचा इलाज सगळ्या जगाने मिळून केला, तो म्हणजे युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. 'क' चा क्रमांक ठरलेला आणि जाहीर. तो कोणाच्या मालकीचा नाही. म्हणून आज तुम्ही मला फोनवर पाठवलेलं मराठी माझ्या लिनक्सवर वाचता येतं. उघड मानक म्हणजे काय, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट. तिचा उगम एका अडकणाऱ्या प्रिंटरपाशी आहे. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना तसा संदेश जावा, अशी सोय त्याने स्वतः प्रोग्राममध्ये घातली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा. पण त्याच्या प्रोग्रामचा सोर्स कोड त्यांना दिलेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमनने जाऊन मागितला. त्याने नकार दिला, म्हणाला, कोणालाही देणार नाही असं मी लिहून दिलंय. स्टॉलमनला राग आला तो या लिहून देण्याचा. शेजाऱ्याला मदत न करण्याचा करार!

सोर्स कोड म्हणजे काय? मेतकुटाची पुडी आणि मेतकुटाचं प्रमाण यांत जो फरक, तोच इथे. बंद सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला दळलेली पुडी मिळते. भातावर घालून खाता येते, पण आत काय किती आहे ते कळत नाही, आणि तुमच्या नातवाला मोहरी सोसत नसेल तर ती काढता येत नाही. सोर्स कोड म्हणजे आजीच्या वहीतलं प्रमाण.

स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केलं की आपण एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिणार, तिचं नाव ग्नू. हवं तसं चालवायचं, आत बघून बदलायचं, प्रती वाटायच्या, बदललेल्या प्रतीही वाटायच्या, या चार मोकळिका असतील तर सॉफ्टवेअर मुक्त. पण त्याचं खरं डोकं दिसतं ते परवान्यात. १९८९ साली त्याने ग्नू जनरल पब्लिक लायसन्स आणला, ज्याला जीपीएल म्हणतात. तो असं सांगतो: वहीतलं प्रमाण घ्या, बदला, पुडी करून विकासुद्धा, पण ज्याला पुडी विकाल त्याला तुमचं बदललेलं प्रमाण द्यावं लागेल, याच अटीवर. कॉपीराइटचा कायदा वाटण्याला आडवा येतो. याने त्याच कायद्याच्या जोरावर वाटणं बंधनकारक केलं. कायद्याच्या इतिहासात इतकी सुंदर युक्ती मी फारशी पाहिलेली नाही.

इंग्रजीत 'फ्री' शब्दाने बराच घोळ केला, कारण त्याचा अर्थ फुकटही होतो. तिकडे त्यांना तास-तासभर खुलासे करावे लागतात. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. १९९८ साली 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आलं, व्यापारी लोकांना 'स्वातंत्र्य' वगैरे शब्द जड जातात म्हणून. दोन्ही नावांच्या मागे दोन वृत्ती आहेत, पण आज त्यात शिरत नाही.

ग्नूचे बाकी भाग तयार झाले, पण मधला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो रेंगाळला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने कळवलं की मी हौसेखातर एक छोटी प्रणाली करतोय, फार मोठं काही नाही. पुढच्या वर्षी त्याने ती जीपीएलखाली दिली. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. यात धर्मादाय काही नाही. रेड हॅट ही लिनक्सवर धंदा करणारी कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतली. लिनक्सचं पुष्कळसं काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात, मायक्रोसॉफ्टचेसुद्धा.

मग हे स्वातंत्र्य कसलं? पुन्हा बड्या कंपन्याच ना? इथे पेटिटचा निकष लावा. यातल्या कुठल्याही कंपनीने उद्या हात काढून घेतला, नाही तर भलतीच दिशा धरली, तर बाकीच्यांना तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडता येते. परवाना कोणाला मागे घेता येत नाही. ओरॅकल नावाच्या कंपनीच्या हाती ओपनऑफिस गेलं, तेव्हा २०१० साली त्यावर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण कोड घेऊन बाहेर पडले. त्यातून लिबरऑफिस झालं, जे आज आपण वापरतो. दूधवाल्यावर आपण अवलंबून असतोच. पण दूधवाला बदलता येतो, म्हणून त्याच्या ताब्यात नसतो.

भाषेच्या बाजूनेही याचा अर्थ आहे. मराठीला 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला तो कोयतीसारखा ऱ लागतो. आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. बंद फॉन्टमध्ये हे चुकलं तर कंपनीला पत्र लिहायचं आणि वाट बघायची; गिऱ्हाईक पुरेसं असेल तर ती बघेल. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, असे फॉन्ट कोणीही जाणकार उघडून सुधारू शकतो. लिनक्सचे मराठी मेनूही स्वयंसेवकांनी केलेत. काही शब्द विनोदी आहेत, बरंच भाषांतर अर्धवट आहे. पण ते पुरं करायला कोणाची परवानगी लागत नाही. मराठीच्या प्राध्यापकांना हे मी मुद्दाम सांगतोय.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की लिनक्स टाकलं, सुटलो. तसं नाही. अँड्रॉइड बघा. त्याचा मूळ कोड खुला आहे. तरी मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातल्यावर वावे या चिनी कंपनीच्या नव्या फोनांतून गूगलच्या सेवा गेल्या, आणि चीनबाहेरचा तिचा बाजार कोसळला. कारण दुकान, नकाशे, सूचना पोचवणारी यंत्रणा हे सगळं गूगलच्या बंद थरात. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो याच प्रकारच्या बांधून ठेवण्याबद्दल. तळघर मोकळं असून उपयोग नाही, जिन्याला कुलूप असेल तर. फोनमध्ये तर बँकेची काही अॅप्स गूगलने प्रमाणित न केलेल्या प्रणालीवर चालायलाच नकार देतात. म्हणजे तुम्ही बाहेर पडायला मोकळे, फक्त पैसे पाठवता येणार नाहीत!

दुसरी अडचण माणसांची. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहान पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. तो प्रोग्राम एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकला होता. एका टोपणनावाच्या 'मदतनिसाने' दोनेक वर्षं गोड बोलून, खरंखुरं काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग ते दार बसवलं. सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो खोदत गेला. हे गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! याचे दोन्ही अर्थ घ्यावेत. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं. आणि जगाचा भार एका दमलेल्या माणसावर टाकून सगळे फुकट वापरत होते, हेही खरं. विहीर सार्वजनिक असली तरी गाळ कोणीतरी काढावा लागतो.

तिसरी गोष्ट स्वदेशीची. हल्ली ऐकतो की परदेशी सॉफ्टवेअर सोडा, चेन्नईतल्या कंपनीचं घ्या. त्याने एक फरक नक्की पडतो: कळ ब्रसेल्समधून फिरत नाही, वाद आपल्या कोर्टात चालतो. हा फायदा मी कमी लेखत नाही. पण कोड बंद असेल तर वापरणाऱ्याचं नातं तेच राहतं, मालकाचा पत्ता तेवढा बदलतो. मघाचं डोंगलवालं सॉफ्टवेअर स्वदेशीच होतं.

मग संस्थांनी काय करावं? दोन गावांचे अनुभव शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं. त्या वेळी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी सोडून महापौरांना भेटायला धावले होते. दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर गेले. आणि २०१७ मध्ये नव्या महापौरांच्या काळात नगरसभेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. तांत्रिक तक्रारी होत्याच, पण पालिकेच्या संगणक विभागाची विस्कळीत रचनाही होती, आणि राजकीय इच्छा बदलली होती. मायक्रोसॉफ्टने आपलं जर्मनीतलं मुख्यालय २०१६ मध्ये म्युनिक शहरात आणलं होतं, हेही नोंदवून ठेवतो. त्यावरून निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. आता जर्मनीतलंच उत्तरेचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य त्याच वाटेवर निघालं आहे, २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांसाठी निर्णय झाला. पण त्यांनी आधी लिबरऑफिस आणि ई-मेल बदलायला घेतलं, खालची प्रणाली त्यानंतर. शहाणपणाचा क्रम आहे.

दुसरं उदाहरण केरळचं. तिथल्या सरकारी शाळांत २००१ मध्ये संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्या दशकातच तो मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. आज 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते, मल्याळमसह, आणि ती दोन लाखांहून जास्त संगणकांसाठी आहे. टिकलं का? माझ्या मते एकाच कारणाने. त्यांनी शिक्षकांना शिकवलं. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले, दुरुस्ती शिकवली, परीक्षा त्याच सॉफ्टवेअरवर घेतली. नुसतं सॉफ्टवेअर बदललं असतं तर दोन वर्षांत कोणीतरी चोरटी विंडोज टाकून मोकळं झालं असतं, जसं आपल्याकडे होतं. कांटने १७८४ च्या निबंधात म्हटलंय त्याचा आशय असा, की दुसऱ्याच्या बोटाला धरून चालणं फार सोयीचं असतं आणि म्हणूनच सुटत नाही. दार उघडं असणं ही परवान्याची बाब. चालता येणं ही सरावाची.

आता घरच्यापुरतं. पहिल्याच दिवशी ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावू नका. आधी तुमची कागदपत्रं. जुन्या फॉन्टमधलं जे काही असेल, लेख, वंशावळ, संस्थेचा इतिहास, ते तुमचा जुना संगणक चालतोय तोवर युनिकोडमध्ये आणा. यासाठी रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात; जोडाक्षरं चुकतात, तपासायला माणूस लागतो. हे काम थांबू शकत नाही. मग आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरायला लागा. महिना-दोन महिने गेले की कळेल, तुमचं नव्वद टक्के काम या दोघांतच होतं. प्रणाली त्यानंतर बदला. आणि ज्यांचं काम टॅलीशिवाय किंवा एखाद्या सरकारी सही-यंत्रणेशिवाय अडतं त्यांनी एक यंत्र विंडोजचं ठेवावं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फोनचं सर्वांत शेवटी.

वेळ संपत आली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: माझं वय ७२. मला हे नव्याने शिकणं जमेल का? आणि काही बिघडलं तर विचारायचं कोणाला?)

ताई, मी तुमच्याहून मोठा आहे. लिनक्स मिंटमध्ये खाली डावीकडे मेनू असतो, फाइली फोल्डरमध्ये असतात, तुम्हाला परकं वाटणार नाही. विंडोज ७ वरून ८ वर जाताना जास्त त्रास झाला असेल. अडचण येते ती प्रिंटर-स्कॅनरची, म्हणून तुमचा प्रिंटर चालतो का ते आधी बघायचं. आणि विचारायचं कोणाला, हा खरा प्रश्न आहे. गल्लीतला संगणक दुरुस्त करणारा मुलगा बहुधा 'विंडोजच टाका' म्हणेल. म्हणून एकटीने करू नका. तुमच्या इमारतीतल्या किंवा भिशीतल्या तिघी-चौघींनी मिळून करा, म्हणजे एकीला आलेली अडचण दुसरीला माहीत असते.

(प्रश्न: संगणकावरचं आहे ते न घालवता नुसतं बघता येईल का?)

येईल. पेनड्राइव्हवरून चालू करून बघता येतं, आतल्या डिस्कला हात न लावता. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा, सगळं जिथल्या तिथे. थोडं हळू चालतं, तेवढं धरून चला. त्याला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मी मिंट घातलेले चार आणले आहेत, बाहेरच्या टेबलावर ठेवलेत. घरी न्या, प्रिंटर चालतो का बघा, आणि पुढच्या व्याख्यानाला येताना परत आणा, म्हणजे दुसऱ्या कोणाला देता येतील.